वाणात दिलेला खटका

बंदुकांच्या दुकानात मी पस्तीस वर्षं बसलो. एवढ्या काळात एकाही माणसावर कधी बंदूक रोखली नाही. हे बढाई म्हणून सांगत नाही, कंटाळून सांगतो. लग्नकार्यात कुणी विचारतं, "काय व्यवसाय?" मी सांगितलं की समोरच्याचे डोळे लकाकतात. त्याला वाटतं, हा गृहस्थ सकाळी उठून आधी दोन दरोडेखोर लोळवतो आणि मग दात घासतो. मी आयुष्यभर काय केलं? तेल पुसलं, गंज काढला, मेलेल्या स्प्रिंगा बदलल्या. त्यात एकच काम असं केलं की ज्याचं चार जिल्ह्यांत नाव झालं, आणि त्याच कामानं माझं घर फोडलं. ते आता लिहून टाकतो. मनात उगाळून उगाळून दमलो आहे.

दुकान बीडला, कोर्टाच्या मागच्या गल्लीत. आम्ही लिंगायत वाणी. घरात अंडं येत नव्हतं, वडील कपाळाला भस्म लावून आणि लिंगपूजा करूनच पाण्याला तोंड लावायचे, आणि मग सायकलवर टांग टाकून काडतुसं विकायला जायचे. कुणी चिडवलं की म्हणायचे, "आमी विकतो फकस्त. वापरायचं तुमचं तुमी बघा." त्यांच्यामागे दुकानाचा आणि दुरुस्तीचा परवाना माझ्या नावावर झाला.

वडिलांच्या वेळचं गिऱ्हाईक म्हणजे रानडुकरांनी पिकं तुडवलेला शेतकरी. खांद्यावर दोन नळ्यांची बंदूक, नळीत मातीची गोळी अडकलेली, आणि दुरुस्ती होईपर्यंत तो दुकानाच्या पायरीवर तंबाखू मळत बसायचा. नव्वदच्या पुढे हे गिऱ्हाईक आटलं. त्या जागी नवी माणसं आली. कुणी रस्त्याचा ठेकेदार, कुणी प्लॉट पाडणारा, कुणी सोसायटीचा चेअरमन. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, काळा चष्मा, दाराशी जीप. यांना लांब बंदूक नको होती. यांना हवं होतं कमरेला सदऱ्याखाली बसेल असं छोटं पिस्तूल. नवीन विलायती मिळत नव्हतं, म्हणून कुणा निवृत्त साहेबाचं जुनं, कागदपत्रं करून आपल्या नावावर चढवायचे.

तो काळच एक्स्ट्रा फिटिंगचा होता. जीपला जादा दिवे, स्कूटरला जादा गार्ड, ट्रॅक्टरला टेप. जे आहे तसं वापरायला लोकांना कमीपणा वाटायला लागला होता. अशात एका ठेकेदाराचा मेव्हणा अमेरिकेत कॉम्प्युटरच्या नोकरीला गेला आणि येताना गुळगुळीत कागदाचा एक जाडजूड कॅटलॉग घेऊन आला. त्यात छोट्या पिस्तुलांना लावायच्या जादा वस्तूंची पानंच्या पानं होती. पिस्तूल चुकून उडू नये म्हणून बंद ठेवायचा सेफ्टीचा खटका, तो लांब केलेला, गोळ्यांचं मॅगझिन सोडायचं मोठं बटण, मुठीखाली करंगळी टेकवायला वाढीव टोक. ठेकेदारानं तो माझ्या काउंटरवर टाकला आणि म्हणाला, "असलं तुमाला जमतंय का बगा. न्हाईतर निस्तं तेल लावत बसा."

मला राग आला, आणि जमलं. खरं सांगायचं तर गरज खोटी नव्हती. पिस्तूल खिशात मावावं म्हणून बारीक केलेलं, त्यामुळे त्याचा खटका मसुरीच्या डाळीएवढा. आमच्याकडची बोटं विटा आणि पहारी उचलून जाड झालेली. त्या डाळीवर ती टिकायची नाहीत, घसरायची. मी चांगल्या पोलादाचा तुकडा घेऊन कानशीनं घासत बसायचो. एकेका खटक्याला आठ-आठ दिवस. मग कमरेला पट्टा बांधून, रिकामं पिस्तूल त्यात खोचून, काम करायच्या टेबलापुढे उभा राहून तो शंभर वेळा वर-खाली करून बघायचो. कॅटलॉगमधल्या चित्रांतली माणसंही अशीच उभी होती. परभणी-जालन्याहून माणसं यायला लागली. मी फुगलो. कशाला लपवू?

माझी बहीण, आक्का, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मला शाळेत तिनं सोडलं, माझी पाटी तिनं पुसली, माझ्या वाटचा मारही बऱ्याचदा तिनं खाल्ला. ती बीडजवळच्याच पालीच्या अलीकडच्या एका गावात दिलेली, धरणाच्या बाजूला. माझे दाजी, म्हणजे तिचा नवरा, अंगानं भरलेला, बोलायला मोकळा माणूस. शेती, वीटभट्टी, आणि पुढे गावच्या सोसायटीचे चेअरमन. त्यांना एकच दुखणं होतं. तरुणपणी कडबा कापायच्या यंत्रात उजव्या हाताच्या अंगठ्याचं वरचं पेर गेलेलं. ते त्यांनी आयुष्यभर लपवलं. चहाचा कप डाव्या हातानं घ्यायचे, नमस्कार करताना अंगठा आत दुमडायचे. नवीन माणसाला ओळख होऊन वर्ष झालं तरी पत्ता लागायचा नाही. सोसायटीच्या भांडणात कुणीतरी त्यांच्या जीपची काच फोडली, तेव्हा त्यांनी अर्ज केला आणि पिस्तुलाचा परवाना काढला.

त्या वर्षी धोंड्याचा महिना होता. आमच्याकडे या जादा महिन्यात लेक-जावयाला जेवायला बोलावतात, पुरणाचे धोंडे करतात, जावयाला अनारसे आणि काहीतरी भारी वस्तू वाण म्हणून देतात. दर तीन वर्षांनी येणारा हा मान, त्यात कसूर झाली तर लेकीला सासरी ऐकून घ्यावं लागतं. आई चांदीचा तांब्या घ्या म्हणत होती. जेवणाच्या चार दिवस आधी दाजी एकटेच दुकानात आले. इकडचं तिकडचं बोलले. मग बाहेर बघून घेतलं आणि उजवा हात काउंटरवर उघडा ठेवला. इतक्या वर्षांत त्यांनी तो माझ्यापुढे पहिल्यांदा असा ठेवला होता.

"पाव्हणं," ते म्हणाले, "मला चांदीबिंदी काय नगं. ह्यो खटका लांब करून द्या. मागल्या खंडेनवमीला आमच्या पुढारी सायबाच्या वाड्यावर शस्त्रपूजा झाली. पूजा झाल्यावर सगळे आपापलं काढून दाखवाया लागले, खटका वर, खटका खाली. माझ्यापाशी आलं आन् माझा अंगठा काय तिथवर पुरंना. डाव्या हातानं करावा लागला. लोक हसले न्हाईत, पर बघून घेतलं."

त्यांचे डोळे भरले होते. मी म्हणालो, "दाजी, तुमी बेफिकीर ऱ्हावा."

चार दिवस मी दुसरं काम हातात घेतलं नाही. त्यांच्या अर्ध्या अंगठ्याचं माप दोऱ्यानं घेतलं होतं. नेहमीपेक्षाही लांब, टोकाला थोडा रुंद, बोट बसेल असा खटका केला. जेवणाच्या दिवशी आईनं चांदीच्या ताटलीत तेहतीस अनारसे रचले आणि मी त्यावर तो खटका ठेवला. पोलादाचा, चकचकीत, बोटाच्या पेराएवढा तुकडा. आईनं त्यालाही हळद-कुंकू वाहिलं. तिला ते जीपच्या किल्लीसारखं काहीतरी वाटलं असावं. दुपारी दुकानात नेऊन मी तो बसवला. दाजींनी अंगठा ठेवला. खटका वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. ते परत परत तेच करत राहिले. घरी आल्यावर आक्का हसून म्हणाली, "लेकराला खेळणं घावलं. आता जेवण सुदिक गोड लागंना." मला त्या दिवशी वाटलं, वडील असते तर माझ्या पाठीवर हात ठेवला असता. इतका आनंद मला माझ्या कामाचा त्याआधी झाला नव्हता, आणि नंतर तर नाहीच.

दोन वर्षं बरी गेली.

मग कपिलधारला दर्शनाला आम्ही दोन्ही घरं मिळून गेलो. दर्शन झालं, धबधब्याखाली पोरं भिजून आली, आणि प्रसादाच्या पंगतीला बसलो. जमिनीवर, मांडी घालून, पन्नासेक माणसं एका रांगेत. माझ्या डाव्या हाताला दाजी. जीपमधून उतरताना त्यांनी खटका वर केलेला मी कानानं ऐकला होता. वर म्हणजे बंद, खाली म्हणजे पिस्तूल उडायला मोकळं. वरणवाला आला. दाजी पत्रावळ सरकवायला वाकले, त्यांचा सदरा वर गेला, आणि मला खटका दिसला. तो खाली होता.

मला आधी वाटलं, आपली नजर चुकली. मग ते सरळ बसले, पुन्हा वाकले, आणि मला सगळं कळलं. मांडी घालून बसलं की पोटाची घडी खाली उतरते. आमच्या दाजींची तर चांगलीच उतरायची. ती घडी त्या लांब खटक्यावर दाबली जाते आणि आवाज न करता त्याला खाली नेते. मूळच्या बारीक खटक्याचं असं झालं नसतं, तो अंगाला लागतच नव्हता. मी शंभर वेळा तपासला होता, पण उभ्यानं. आमची माणसं जेवतात बसून, बैठका करतात बसून, भजन ऐकतात बसून, भांडतातसुद्धा बसून. आणि मी, जन्मभर जमिनीवर मांडी घालून जेवलेला माणूस, परदेशातली उभी चित्रं बघून खटका करत बसलो होतो. माझ्यासारखा मूर्ख मीच.

तेवढ्यात आक्काची धाकटी मुलगी, सहा वर्षांची, "बाबा, मला लाडू," म्हणत आली आणि त्यांच्या मांडीत बसली. पाठ टेकवून, अगदी त्या बाजूला. मी हातातला घास पत्रावळीवर ठेवला. मी म्हणालो, "दाजी, जरा बाजूला येता का?"

"जेवताना उठत्यात व्हय पाव्हणं? बसा. लाडू घ्या अजून."

मी बसलो. आजही मला उमजत नाही की मी कसा बसलो. पोरीला "इकडं ये, माझ्यापाशी लाडू हाय" म्हणून माझ्या बाजूला ओढून घेतलं, एवढंच केलं. पंगत उठल्यावर जीपपाशी म्हणालो, "दाजी, ते तेलपाण्याला आणा एकदा दुकानात." ते म्हणाले, "आनतो की." संपलं. खरं कारण माझ्या तोंडून निघालं नाही. भोवती माणसं होती हे एक. पण खरं म्हणजे, "मी केलेलं काम चुकलं" हे चार शब्द मला बोलता येत नव्हते. चार जिल्ह्यांत नाव झालेलं होतं ना.

घरी येऊन मी खोलीचं दार लावलं, तसलाच खटका बसवलेलं रिकामं पिस्तूल कमरेला खोचलं आणि बसून-उठून बघायला लागलो. बायकोनं दार उघडलं तर मी घामाघूम होऊन मांडी घालतोय, उठतोय, पुन्हा घालतोय. ती म्हणाली, "व्यायाम करायचं वय गेलं आता." मला हसू आलं नाही. माझं पोट दाजींच्या निम्मंही नाही, तरी खटका दहात सहा वेळा खाली आला.

पुढच्या महिन्यात मी एकेका गिऱ्हाइकाला बोलावून घेतलं आणि कधी गंजाचं, कधी स्प्रिंगचं कारण सांगून सगळ्यांचे खटके आखूड करून दिले. ते आले, चहा पिऊन गेले. एक दाजी तेवढे आले नाहीत. आज येतो, उद्या येतो. त्यांना काय घाई होती? त्यांचं तर उत्तम चाललं होतं.

आईला मी सांगितलं. तिला पिस्तुलातलं काही कळलं नाही, पण बाकीचं लगेच कळलं. "धोंड्याचं वाण परत मागाया चाललास? येड लागलं का तुला? जावायाला दिलेलं माघारी आणलं तर लेकीनं त्या घरात तोंड कसं दाखवावं?" मी म्हणालो, अगं जिवाशी गाठ आहे. ती म्हणाली, "मग दुसरं कायतरी कर. पर मागू नगंस."

दोनदा मी आक्काच्या गावी गेलो. पहिल्यांदा दाजी भट्टीवर होते. आक्कानं ज्वारीची गरम भाकरी वाढली, समोर बसली आणि म्हणाली, "कावून रं तोंड पाडून बसलास?" दाजी नव्हते, सासू नव्हती, आम्ही दोघंच होतो. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "पित्त झालंय." बाईमाणसाला कशाला घाबरवायचं, असं मनाशी म्हटलं. मोठा पुरुष ना मी. तिनं आल्याचा तुकडा आणि साखर आणून दिली. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा दाजी ओसरीवर दहा माणसांत मांडी घालून बसले होते, आणि पोरगी त्यांच्या पाठीवर लोंबकळत होती. मी चहा पिऊन परत आलो.

त्या दिवसांत शेजारच्या एसटीडी बूथवर माझ्यासाठी अधूनमधून फोन यायचा. बूथवाला हाक मारायचा आणि मला वाटायचं, झालं, आक्काच्या घरून असणार. भाचीचं नाव कानावर येईल या धास्तीनंच मी रिसीव्हर कानाला लावायचो. कुणीतरी काडतुसांची चौकशी करत असायचं. असं आठ महिने चाललं. माणूस धास्तीनंसुद्धा थकतो, आणि थकला की त्याला अक्कल सुचत नाही.

मग निवडणूक लागली. निवडणुकीच्या काळात परवान्याची हत्यारं जमा करावी लागतात, आणि बरेच जण ती ठाण्याऐवजी माझ्याच दुकानात ठेवायचे. दाजीही आले. पिस्तूल काउंटरवर ठेवलं, पावती घेतली, प्रचाराच्या गडबडीत निघून गेले. मी दुकानाचं अर्धं शटर ओढलं, लांब खटका काढला आणि मूळचा बारीक खटका परत बसवला. दहा मिनिटांचं काम. त्या रात्री कितीतरी दिवसांनी मला पोटभर जेवण गेलं.

निकालानंतर दाजी पिस्तूल न्यायला आले. सोबत चार कार्यकर्ते. ज्याच्यासाठी त्यांनी प्रचार केला तो पडला होता, तोंडं आधीच उतरलेली. मी रिकामं पिस्तूल पुढे सरकवलं. त्यांनी उचललं, सवयीनं अंगठा नेला. अंगठा हवेतच फिरला. पुन्हा नेला. मग त्यांनी मान खाली घालून बघितलं.

"ह्ये काय हाय?"

बाजूला घ्यायचं, खरं सांगायचं, तो क्षण तोच होता. मी म्हणालो, "वरनं नियम आलाय दाजी. लांब खटके आता चालत न्हाईत."

त्या चौघांतला एकजण, हरलेल्या निवडणुकीचा राग कुठंतरी काढायचाच होता म्हणून असेल, बोलून गेला, "आता चेअरमनसायबाला खटका वर-खाली कराया कार्यकर्ता ठेवावा लागंल." बाकीचे हसले. त्या खंडेनवमीला न हसलेले लोक माझ्या दुकानात हसले, आणि ते हसू मी आणलं होतं. दाजींनी उजवा हात खिशात घातला. डाव्या हातानं पिस्तूल उचललं.

"म्हंजी वाण माघारी घेतलं म्हना की, पाव्हणं," एवढंच ते म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

त्या दिवाळीला आक्का भाऊबीजेला आली नाही. मी न्यायला गेलो तर दारात पाण्याचा तांब्या आला, पण दाजी आतून बाहेर आले नाहीत. आक्का उंबऱ्याच्या आत उभी राहून म्हणाली, "ह्येंनी न्हाई म्हनलंय. तू असं कावून केलंस, मला ठावं न्हाई. मी इचारनार बी न्हाई. जा तू." तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात राग होता. मी तेव्हासुद्धा बोललो नाही. म्हटलं, आता सांगून काय उपयोग, वर तिच्या नवऱ्याला दोष लागेल. मनाची समजूत काढायला माणसाला कारणं कमी पडत नाहीत.

एक दिवाळी गेली, दुसरी गेली, अशा सहा गेल्या. आई दर वर्षी पहाटेच्या अंघोळीसाठी आक्काच्या नावाची तेलाची वाटी वेगळी काढून ठेवायची आणि दुपारी ते तेल दिव्यात ओतायची. मला कधी बोलली नाही. बोलली असती तर निदान भांडता आलं असतं. सहाव्या दिवाळीनंतर माघात ती गेली. आक्का आली, आईच्या पायावर डोकं टेकवलं, रडली, आणि उचलल्यावर कुणाच्या घरचं पाणी न घेता परत गेली. माझ्याकडे तिनं बघितलं नाही.

या सगळ्या काळात मी एकाच गोष्टीवर तगून होतो. मी मनाशी म्हणायचो, असू दे. आक्का बोलत नाही, पण तिची पोर धडधाकट आहे, शाळेत जाते. मी वाईट झालो, पण ते घर वाचवलं. कुणाला ठाऊक नसलं तरी मला ठाऊक आहे. रोज दुकान उघडताना मी हे म्हणायचो आणि त्यावर दिवस निघायचा.

आई गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी दाजी हृदयविकारानं गेले. परवानाधारक गेला की हत्यार जमा करावं लागतं. तेराव्यानंतर एका दुपारी आक्का ठाण्यातला कागद घेऊन दुकानात आली. सोबत गावचे पोलीसपाटील होते, ते बाहेर पानटपरीवर थांबले. आक्का बाकावर बसली. केस पांढरे झाले होते. तिनं पिशवीतून फडक्यात गुंडाळलेलं पिस्तूल काढून काउंटरवर ठेवलं. मी मॅगझिन काढलं, आत बघितलं, नंबर ताडला. हाताला काम होतं म्हणून बरं होतं.

"गोळ्या?" मी विचारलं.

"न्हाईत."

"घरी राहिल्या का? त्या पण जमा कराव्या लागतात आक्का."

"हिरीत हायत," ती म्हणाली.

मी वर बघितलं.

"पिस्तूल घरात आलं त्याच हप्त्यात. मी म्हनले, घरात लेकरं हायत. एक तर ह्या गोळ्या ऱ्हातील न्हाईतर मी ऱ्हाईन. त्येंनी माझ्यासमोर हिरीत वतल्या. परत कधी आनल्या न्हाईत. लोकांना दिसावं म्हनून कंबरंला लावायचे, मोकळंच. तेवढी हौस हुती, म्हनलं करू दे."

माझ्या दुकानातून त्यांनी गोळ्यांचा एकच डबा नेला होता. त्यानंतर इतक्या वर्षांत एकही गोळी नेली नाही. निवडणुकीला पिस्तूल जमा करतानाही नुसतं पिस्तूलच आणलं होतं, आणि मी, सगळ्यांकडून गोळ्या मोजून घेणारा माणूस, त्या दिवशी खटका काढायच्या घाईत विचारायला विसरलो होतो. विचारलं असतं तर तिथंच सगळं संपलं असतं.

मग मी तिला सांगितलं. कपिलधारची पंगत, खाली आलेला खटका, मांडीत बसलेली पोरगी, आठ महिन्यांची धास्ती, नियमाची थाप. आक्कानं सगळं ऐकून घेतलं.

"ह्येवढंच हुतं?" ती शेवटी म्हणाली.

"एवढंच."

"त्येंना वाटलं, तू चारचौघांत त्येंचा हात दाखवलास. मरस्तवर त्येच धरून बसले." तिनं रिकामी पिशवी घडी घातली. "तू भाकरी खाया आलातास, पित्त झालंय म्हनलास. मी समोर बसले हुते. तवा इचारायचं न्हाई का रं, आक्का, त्यात गोळ्या असत्यात का म्हनून?"

मी पिस्तूल फडक्यात परत गुंडाळलं. ती उठली, पदर सावरला आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

"आई रोज माझी वाट बघायची का?"

"रोज," मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि सही कुठं करायची ते विचारलं.